मनूच्या बरणीला भोकं

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत गौरम्मांना ‘बाई’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना आता स्वतःची नातवंडं होती. भाजीची गाडी लावणारा रुद्रप्पा असो, नाहीतर औषधांच्या दुकानातला मालक असो, गौरम्मा समोरून येताना दिसल्या की सगळ्यांचे हात आपोआप पाठीमागे जात. बाई आता नखं बघायला मागतील की काय, अशी एक जुनी धास्ती अजून त्यांच्या बोटांत शिल्लक होती.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बाईंचा एक नेम मोडला नव्हता. मुलांसाठी म्हणून लिहिलेलं कुठलंही पुस्तक घरात आलं, की ते आधी एखाद्या मुलाला वाचून दाखवायचं. मूल जांभई देतंय, की पुढं सरकून बसतंय, ते बघायचं आणि मग पुस्तक कपाटात ठेवायचं की रद्दीत घालायचं, ते ठरवायचं. मोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणून मुलांचं पुस्तक चांगलं ठरत नाही, असं त्या नव्या शिक्षिकांना नेहमी सांगत.

अलीकडे हे पारखायचं काम त्यांच्या नातीकडे होतं. भुवनेश्वरी, म्हणजे भुवी, आठ वर्षांची, तिसरीत. भुवी पारखायला फार चांगली, कारण तिला खोटं बोलता येत नसे. काही माणसांना शीळ घालता येत नाही ना, तसंच. “अज्जी, ही गोष्ट कंटाळवाणी आहे, पण चित्रातली म्हैस चांगली आहे,” असा तिचा निकाल असे आणि तो बरोबर असे.

भुवीला ऑटिझम आहे, हे डॉक्टरांनी ती लहान असतानाच सांगितलं होतं. घरात आता त्या शब्दाची सवय झाली होती. चष्मा असलेल्या घरात चष्म्याची होते, तशी. भुवी बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघे. मजा वाटली की तिचे दोन्ही हात कबुतरासारखे फडफडत. स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं की ती कान झाकून किंचाळे. आणि वर्गात डबे खायला सगळे एकदम बसत आणि झाकणं तर पडणारच. मग व्हायचं काय, भुवी किंचाळे, पोरं दचकत आणि दुसऱ्या दिवशी जरा लांब बसत. दोन वर्षं ती एकटीच डबा खाई.

मग या वर्षी वर्गात ऋतुजा आली.

ऋतुजा म्हणजे तोंडाळ पोर. पहिल्याच दिवशी तिने भुवीच्या डब्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, “शेंगाची चटणी! दे की थोडी.”

“नाही,” भुवी म्हणाली.

“का नाही?”

“माझी आहे.”

“लई चिकट आहेस बघ तू!”

“मी चिकट नाही. गूळ चिकट असतो.”

दोघी घंटा होईपर्यंत भांडल्या आणि दुसऱ्या दिवशी ऋतुजा पुन्हा तिच्याच शेजारी येऊन बसली, अर्धवट राहिलेलं भांडण पुढं न्यायला. महिन्याभरात ती संध्याकाळी घरी येऊ लागली. दोघी फरशीवर गजगे खेळत. एक गजगा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत फरशीवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा, हा खेळ. भुवी नियमाला एक नंबरची पक्की आणि ऋतुजा एक नंबरची रडी.

“तुझा हात हलला! आउट!”

“वाऱ्यानं हलला!”

“पंखा बंद आहे!”

हे भांडण स्वयंपाकघरात ऐकू आलं की गौरम्मा भाकरी थापता थापता गालातल्या गालात हसत. भुवीला बोलायला शिकवायला म्हणून मोठमोठ्या लोकांकडे खेटे घातले होते. त्या सगळ्यांनी मिळून जेवढं शिकवलं नसेल, तेवढं ही रडी पोरगी एका संध्याकाळी शिकवून जात होती.

एका सोमवारी संध्याकाळी भुवीच्या वर्गाची शिक्षिका रेश्मा घरी आली. ही रेश्माही एकेकाळी गौरम्मांच्याच हाताखाली बाराखडी शिकलेली, त्यामुळे खुर्चीवर बसतानासुद्धा ती आधी परवानगी मागितल्यासारखी बघे. तिने पिशवीतून एक चकचकीत पुस्तक काढलं. ‘बरणीतला मनू’.

“बाई, शनिवारी मुलं दप्तर आणत नाहीत. वाचनाचा तास तुम्ही घ्याल का? हे ऑटिझमवरचं चित्रांचं पुस्तक आहे, शाळेनं मुद्दाम मागवलंय. मुलांना भुवी जरा समजेल. मी वाचलं तर पोरं गोंधळ घालतील. तुमच्यापुढं गप बसतील.”

“तू गप बसायचीस होय माझ्यापुढं?” गौरम्मा म्हणाल्या आणि रेश्मा हसत सुटली.

ती गेल्यावर गौरम्मांनी पुस्तक वाचलं. मनू नावाचा एक मुलगा काचेच्या मोठ्या बरणीत बसलेला. सगळं गाव रंगीत, मनू तेवढा राखाडी. तो कुणाशी बोलत नाही, दिवसभर मोठमोठे आकडे मोजतो. बाहेर मुलांचा वाढदिवस चाललाय, लाल फुगे लावलेत आणि मनू काचेला नाक लावून बसलाय. मग शहाणी मुलं ठरवतात की त्याच्याशी हळू बोलायचं, त्याला खेळात जिंकू द्यायचं, त्याच्यावर खूप माया करायची. त्या मायेने बरणीला तडा जातो, मनू रंगीत होतो आणि सगळे त्याला मिठी मारतात.

शेवटच्या पानावर गौरम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, “चांगलं आहे.”

आणि इथेच त्यांनी आयुष्यभराचा नेम मोडला. पुस्तक भुवीला दाखवलं नाही. हे पुस्तक भुवीबद्दल आहे, भुवीसाठी थोडंच आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. मंगळवारी ऋतुजा आली तेव्हा भुवी आत हातपाय धूत होती. गौरम्मांनी ऋतुजालाच हाक मारली.

“ये गं, हे वाच बघू. कसं वाटतं सांग.”

ऋतुजाने पुस्तक वाचलं. एरवी दोन ओळींमध्ये चार प्रश्न विचारणारी पोर, पण शेवटी तिने एकच विचारलं.

“बाई, भुवी पण अशीच आहे?”

“तसंच काहीसं,” गौरम्मा म्हणाल्या आणि भाकरी बघायला आत गेल्या.

थोड्या वेळाने त्यांना जाणवलं, की घर फारच शांत आहे. दारातून त्यांनी डोकावून बघितलं. गजग्यांचा डाव चालला होता, पण ऋतुजा पाहुण्यांकडे आल्यासारखी ताठ बसली होती.

“आता तुझी पाळी, सोन्या,” ती हळू, गोड आवाजात म्हणाली.

भुवीने तिच्या कानाकडे रोखून बघितलं. “माझं नाव सोन्या नाही. आणि पाळी तुझी आहे.”

“असू दे. तूच खेळ.”

भुवी खेळली, तिचा गजगा सुटला. “आउट,” तिने स्वतःच सांगितलं. ऋतुजाने गजगा उडवला, हात पुढं नेला आणि अलगद बाजूला घेतला. गजगा फरशीवर टणकन पडला.

“अरेरे! मी हरले. भुवी जिंकली!” ऋतुजाने टाळ्या वाजवल्या.

“तो पडला नाही. तू पाडलास.”

“नाही गं, पडला.”

“तू पाडलास! खोटं खेळतेस! जिंकायला रडी खेळ, हरायला खेळू नको!”

एरवी असं म्हटल्यावर केवढं रणकंदन झालं असतं. पण ऋतुजा मान तिरकी करून, दवाखान्यात आजाऱ्याकडे बघतात तशी हसली आणि म्हणाली, “बरं बरं. चिडू नको हं.”

भुवीने सगळे गजगे गोळा केले, डबीत भरले आणि कॉटवर जाऊन डोक्यावरून चादर ओढून घेतली. ऋतुजा पायांत चपला घालताना गौरम्मांना दबक्या आवाजात म्हणाली, “बाई, माझं काय चुकलं? पुस्तकात लिहिलंय ना, त्यांना जिंकू द्यायचं म्हणून?”

‘त्यांना’ हा शब्द काल या पोरीच्या तोंडात नव्हता.

बुधवारी भुवी शाळेतून आली ती दारातच उभी राहून म्हणाली, “अज्जी, ऋतुजाने आज माझ्या पाण्याच्या बाटलीचं बूच काढून दिलं. मला काढता येतं. आणि तिने चटणी मागितली नाही. मी ‘नाही’ म्हणायला तयार होते, पण तिने मागितलीच नाही. आणि तिने अजिंक्यला सांगितलं, भुवीला त्रास देऊ नको, ती बरणीत असते. मी कुठल्या बरणीत असते?”

आता पुस्तक दाखवण्यावाचून इलाज नव्हता. भुवीने ते मांडीवर घेतलं, एकेक पान नीट बघितलं आणि मग प्रश्नांना सुरुवात झाली.

“याला बरणीत कुणी घातलं?”

“कुणी नाही गं. ते तसं दाखवलंय. म्हणजे बघ, त्याला बाहेर यावंसं वाटतं, पण…”

“झाकण बाहेरून लागतं, अज्जी. आतून लावता येत नाही. कुणीतरी लावलंय.”

गौरम्मांनी चष्मा काढून पुसला. एवढी वर्षं शिकवलं, पण झाकणाचा विचार त्यांच्याही मनात आला नव्हता.

“याला मोठे मोठे आकडे येतात. मला आठचा पाढा येत नाही.”

“येईल की.”

“मग मला ऑटिझम अजून पूर्ण आलेला नाही का?”

गौरम्मांना हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं, कारण भुवी खरोखरच विचारत होती.

“पूर्णच आहे गं पुट्टी. आकड्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. सगळे चष्मेवाले काय कवी असतात होय?”

हे भुवीला पटलं. तिने शेवटचं पान उघडलं. “सगळे याला मिठी मारतायत. याला विचारलं होतं?”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“बिचारा,” भुवी म्हणाली. आख्ख्या पुस्तकात तिला मनूची कीव आली ती या एकाच जागी.

मग ती उठली. सोमेशच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या, टेबलावरून कागदांना भोकं पाडायचं यंत्र घेऊन आली. गौरम्मांना काय चाललंय ते कळायच्या आत टक, टक, टक असा आवाज झाला. बरणीचं झाकण नेमकं पानाच्या वरच्या कडेला होतं. त्या झाकणाला भुवीने ओळीने भोकं पाडली होती.

“अय्यो! भुवी! शाळेचं पुस्तक आहे ते!” ज्या बाईंनी वर्गात कधी कुणाला पानाचा कोपरासुद्धा दुमडू दिला नव्हता, त्या बाईंच्या हातातली भाजीची टोपली खाली पडली.

“तो गुदमरला असता,” भुवी म्हणाली. तिने पान डोळ्यांजवळ धरलं आणि एकदम तिचे हात फडफडले. “अज्जी, बघा! फुगे!”

गौरम्मांनी वाकून बघितलं. पुढच्या पानावर वाढदिवसाचे लाल फुगे होते आणि ते आता भोकांतून दिसत होते. राखाडी मनूच्या डोक्यावर झाकणभर लाल ठिपके. चित्र आधीपेक्षा चांगलंच झालं होतं, हे बाईंना नाइलाजाने मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

“पण मी शनिवारी शाळेत जाणार नाही,” भुवी यंत्रातले कागदाचे गोल तुकडे तळहातावर घेत म्हणाली. “हे वाचलं की सगळे ऋतुजासारखे होतील. गोड. मी डबा परत एकटी खाईन. एकटीनं खायला काही होत नाही.” ती थोडी थांबली. “पण ऋतुजा बरी होती.”

‘होती’ हा शब्द गौरम्मांनी बरोबर टिपला. दोन वर्षांनी मिळालेली एक मैत्रीण आणि ती आपण स्वतः, आपल्या हाताने, चांगलं म्हणून पाठवून दिली.

रात्रीच्या जेवणाआधी सोमेश चिंचोळीच्या कारखान्यातून आला. पुस्तकाची भोकं बघून त्याने कपाळाला हात लावत आईला विचारलं, “अव्वा, आता शाळेत काय तोंड दाखवायचं? आणि माझं यंत्र हिच्या हाताला लागलंच कसं?”

“तू सहावीत असताना माझ्या पंचांगावर मिशा काढल्या होत्यास. मी काय तोंड दाखवलं होतं? जा, हातपाय धू,” गौरम्मा म्हणाल्या आणि तो विषय तिथंच मिटला.

जेवण झाल्यावर सोमेशने कॉटवर भुवीची चादर अंथरली. सोलापुरी चादर, मोराची. भुवी आली, एक नजर टाकली आणि चादर ओढून उलटी केली. लाल जमिनीवरचा हिरवा मोर गेला आणि हिरव्या जमिनीवरचा लाल मोर वर आला.

“रोज चुकतो मी,” सोमेश म्हणाला. “उलटी घातली होय?”

“उलटी नाही. दोन्ही सरळच आहेत,” भुवी म्हणाली. “तो तुमचा मोर. हा माझा.”

गौरम्मांनी चादरीचं टोक उलटून बघितलं. ही चादर तर या गावात घरोघर. विणकर दोन्ही बाजूंनी मोर उठवतो, रंग तेवढे उलटे. कुठली बाजू पुढची आणि कुठली मागची, असं कुणी विचारत नाही. आणि पुस्तकात मात्र मनूला सगळ्यांनी बरणीच्या बाहेरूनच बघितलं होतं. आतून बाहेर कसं दिसतं, ते पान कुणी काढलंच नव्हतं.

“भुवी,” त्या म्हणाल्या, “उद्या आपण एक पुस्तक करू. दोन बाजूंचं.”

गुरुवारी चार्टपेपर आणला. त्याच्या पंख्यासारख्या घड्या घातल्या, म्हणजे एका बाजूने वाचत गेलं की एक गोष्ट आणि पलटून परत आलं की दुसरी. ठरलं असं, की एका बाजूला लोकांना काय दिसतं ते गौरम्मा काढणार आणि बरोबर त्याच्या पाठीमागे भुवी तिला काय दिसतं ते काढणार.

काम सोपं नव्हतं, कारण बाईंना चित्र सुंदर करायची खोड. त्यांनी हात फडफडवणारी भुवी काढली आणि तिच्या तोंडावर छान हसू काढलं.

“हे खोडा. मी तेव्हा हसत नसते.”

“पण तुला मजा येत असते ना गं?”

“मजा हातात येते. तोंडाचं काय काम?”

बाईंनी खोडलं. पुढच्या पानावर त्यांनी डब्याचं झाकण पडतंय आणि भुवी कान झाकतेय असं काढलं. भुवीने मागच्या बाजूला जे काढलं, ते त्यांना ओळखूच येईना. नुसत्या उभ्या-आडव्या रेघा.

“हा माग,” भुवी म्हणाली. गावाच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ओळखीच्यांकडे गेलं, की गल्लीभर मागांचा खटक-खटक, खटक-खटक असा आवाज असे. मोठ्यांचं डोकं उठे, पण ही पोर तिथं तासभर सुखाने बसे. डब्याच्या झाकणाला भिणारी मुलगी मागाला भीत नाही, हे कोडं घरात कुणालाच सुटलं नव्हतं. “माग सांगून वाजतो. एक खटक झाला की पुढचा कधी येणार ते कळतं. झाकण न सांगता पडतं.” बाईंनी तिचे शब्द जसेच्या तसे चित्राखाली लिहिले. लिहिताना त्यांना वाटलं, हे कोडं एवढं सोपं होतं, तर आपण आधीच का नाही विचारलं?

शेवटच्या घडीवर त्यांनी सवयीने लिहिलं, ‘आणि मग सगळ्यांना भुवी आवडू लागली.’

“सगळ्यांना नाही,” भुवीने लगेच हरकत घेतली. “मला पण सगळे आवडत नाहीत. अजिंक्य नाकात बोट घालतो.” वाक्य खोडलं गेलं.

शुक्रवारी फक्त एक पान उरलं होतं आणि तिथंच गाडं अडलं. भुवीने स्वतःच एका बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ऋतुजा रडी खेळते.’

“पुट्टी, हे वर्गात वाचायचं? सगळ्यांसमोर? तिला वाईट वाटेल. परत येणारच नाही ती.”

“पण ती खेळते.”

“खेळते, पण…”

“तुम्हीच म्हणालात, खरं ते काढायचं.”

म्हणाल्या तर होत्या. “बरं, याच्या पाठीमागे काय काढणार?”

भुवीने कागद पलटला आणि बराच वेळ हात आडवा धरून चित्र काढलं. दोन मुली, दोघींची तोंडं कानापर्यंत उघडी, वेण्या उभ्या राहिलेल्या, गजगे छतापर्यंत उडालेले. एवढं रंगीत पान आख्ख्या पुस्तकात दुसरं नव्हतं. खाली तिने काहीच लिहिलं नाही.

त्या रात्री गौरम्मांचा जीव वरखाली होत राहिला. ते पान वाचलं आणि ऋतुजा रुसली, तर उरलेला धागाही तुटणार. ते पान गाळलं, तर भुवीच्या पुस्तकातही आपण बाहेरूनच झाकण लावलं, असं होणार. सकाळी भुवी गणवेश घालून दारात उभी राहिली. “माझं पुस्तक आहे म्हणून मी येते,” ती म्हणाली. “मनूच्यासाठी नाही.” तेव्हा बाईंनी ठरवलं, की वाचायचं. जे आहे ते सगळं वाचायचं.

वर्गात पोरं गोल करून बसली होती. रेश्माने ‘बरणीतला मनू’ उघडलं, भोकं बघितली आणि तिचा चेहराच उतरला.

“बाई, हे…?”

“रेश्मा, पुस्तक भरून देईन मी. पण आधी पोरांना दाखव तर खरं.”

पुस्तक हातोहात फिरलं. “बाई, भोकं कुणी पाडली?” अजिंक्यने विचारलं.

“मी,” भुवी त्याच्या कानाकडे बघत म्हणाली. “झाकण घट्ट होतं.”

“बरोबर आहे की!” अजिंक्य म्हणाला. “आमच्याकडं नाकतोड्याला बरणीत ठेवलं होतं, मी पण भोकं पाडलेली. नाहीतर मरतंय की ते.” सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. मग फुगे कुठल्या भोकातून सगळ्यांत चांगले दिसतात, यावर जी झुंबड उडाली, ती मोडायला रेश्माला टेबलावर हात आपटावा लागला. आपटायच्या आधी तिने भुवीकडे बघून “आपटतेय हं,” असं सांगितलं की काय, असा गौरम्मांना भास झाला, पण तो भासच असावा, कारण मागाचं पान अजून वाचायचं होतं.

मग त्यांनी दोन बाजूंचं पुस्तक उलगडलं. एक पान वाचायचं, पलटायचं, पाठीमागचं वाचायचं. मागाचं पान आलं तेव्हा पूर्व भागातून येणारी चारपाच पोरं आपोआप “खटक-खटक” करू लागली. भुवीचे हात फडफडले.

“हे हसणं आहे!” मागून कुणीतरी ओरडलं. “हाताचं!”

ऋतुजा मात्र पहिल्या रांगेत मान तिरकी करून, तेच गोड हसू घेऊन बसली होती. गौरम्मांनी पुढचं पान मोठ्याने वाचलं.

“ऋतुजा रडी खेळते.”

सगळ्या माना ऋतुजाकडे वळल्या. ऋतुजाचं हसू जागच्या जागी वाळलं. तिचे कान लाल झाले, ओठ थरथरला. आता ही रडणार आणि निघून जाणार, असं गौरम्मांना वाटलं आणि त्यांचा हात पान पलटायला पुढं झाला.

पण ऋतुजा ताडकन उभी राहिली.

“खोटं! साफ खोटं! मी रडी खेळत नाही! हीच सारखी आउट आउट करते! माझा हात हललासुद्धा नव्हता!”

“हलला होता!” भुवीही उभी राहिली.

“वाऱ्यानं हलला!”

“पंखा बंद होता!”

“तू काय पंख्याकडं बघत होतीस होय? मग हात कसा दिसला तुला?”

“मला दोन्ही दिसतं!”

“बाई, हिला सांगा!”

“बाई, तिला सांगा!”

रेश्मा घाबरून मध्ये पडायला निघाली. गौरम्मांनी तिचा हात घट्ट धरला. “थांब गं. भांडू दे.” त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं होतं, पण या वेळी ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी पान पलटून वर्गापुढं धरलं. दोन मुली, तोंडं कानापर्यंत उघडी, वेण्या उभ्या, गजगे छताला. आणि पुढ्यात त्याच दोघी, हुबेहूब तशाच. पोरं एकदा चित्राकडं आणि एकदा त्यांच्याकडं बघत हसून लोळू लागली.

ऋतुजाने भांडता भांडता चित्र बघितलं. “माझी वेणी एवढी लहान नाही,” ती धुसफुसत म्हणाली.

“आहे.”

“संध्याकाळी ये तू खेळायला. दाखवतेच तुला.”

“घर माझं आहे. तू यायचंस.”

“येतेच!”

एवढ्यात डबा खायची घंटा झाली. पोरांनी डबे काढले आणि अजिंक्यने झाकणाला हात घालून वरच्या पट्टीत आरोळी ठोकली, “उघडतोऽऽय!” त्याबरोबर आख्खा वर्ग ओरडला, “उघडतोऽऽय!” झाकणं वाजून वाजून किती वाजतात, त्याच्या चौपट तो आवाज. रेश्माने स्वतःच कान झाकले. भुवीने आधीच कानात बोटं घालून ठेवली होती. शेवटचं झाकण निघेपर्यंत ती थांबली, बोटं काढली आणि समाधानाने मान हलवून डबा उघडला.

ऋतुजा येऊन शेजारी धपकन बसली. राग अजून नाकावरच होता. तिने डब्यात डोकावलं.

“चटणी दे की थोडी.”

“नाही,” भुवी म्हणाली, आणि मांडीवरचे तिचे दोन्ही हात फडफडले.